उलट फिरणारी भिरभिरी

"आत्या, त्या खुर्चीत कोण बसतं?"

विचारून झालं आणि टकळीने श्वास रोखला. खिडकीबाहेर दोन डोकी पटकन खाली गेली, एक चष्मिसचं आणि एक झिपरीचं. पैज त्यांचीच होती. परवा शाळेचा तक्ता रंगवायला दोघी घरी आल्या होत्या, तेव्हा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. टकळीची आत्या शिवता शिवता समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली होती, "कड जरा ताणून धर गं." मग उत्तराची वाट बघितल्यासारखी थांबून परत शिवायला लागली होती. झिपरीच्या हातातला ब्रश गळूनच पडला. तेव्हापासून वर्गात 'भुताच्या घरची' म्हणून टकळीचा पिच्छा पुरवणं चालू होतं. वक्तृत्व स्पर्धेत सगळ्या शाळेपुढे न अडखळता बोलून आल्यापासून टकळी कुणाच्या बापाला भीत नव्हती. बाकावर हात आपटून ती म्हणाली होती, "विचारते! तुमच्यादेखत विचारते!"

आत्याने घेतलेला टाका पुरा केला आणि दोरा दातांनी तोडला.

"कोण बसतं, असं विचारतेस. का ठेवलीये, असं नाही."

"शब्द त्यांनी ठरवून दिलेत."

"मग म्हणावं, आत या. माझ्या गुलाबाच्या कुंडीत उभ्या आहेत दोघी."

बाहेर धूम पळाल्याचा आवाज आला. टकळी खो खो हसली. आत्या हसली नाही.

"बस," ती खुर्चीकडे हनुवटी करून म्हणाली.

आता मात्र टकळी जागच्या जागी घुटमळली. आत्याच्या शिवणाच्या खोलीत गिऱ्हाइकांचे पडदे, अभ्रे, उसवलेल्या पॅन्ट यांना मोकळं रान असे, अगदी जमिनीवरसुद्धा. त्या खुर्चीवर मात्र कधी चिंधी पडली नव्हती. बाबा तर या खोलीत पाऊलच टाकत नसत. काहीही सांगायचं असो, उंबऱ्याबाहेरून सांगायचे आणि मागे फिरायचे.

ती बसली. टेबलाची कड डाव्या बाजूला झिजून गुळगुळीत झाली होती. टकळीचं डावं कोपर आपोआप त्या खळग्यात गेलं. तिने ते झटकन काढून घेतलं.

आत्याने कपाटातून पांढऱ्या चादरीत बांधलेलं गाठोडं आणलं. आतून निघाली एक गोधडी, अर्धवट. जुन्या सदऱ्यांच्या, फ्रॉकांच्या, गणवेशांच्या त्रिकोणी तुकड्यांची भिरभिरीच भिरभिरी. दोन मोठे भाग होते आणि मधे नुसती फट. एका कडेला सुई टोचलेली, तिच्यात विटका निळा दोरा. सुई गंजून कापडाशी एकजीव झाली होती, भोवती चहाच्या थेंबासारखा डाग.

"धाकटीचं आहे," आत्या म्हणाली.

धाकट्या आत्याबद्दल टकळीला इतकंच ठाऊक होतं, की ती होती, तापात गेली, आणि तिचा विषय निघाला की बाबांना बाहेरचं काहीतरी काम आठवतं.

"मी या बाजूने शिवत यायची, ती त्या खुर्चीतून. मधे भेटायचं ठरलं होतं. तुझा बाप इथे टेबलाखाली बसून आम्हाला सुया ओवून द्यायचा. एवढासा होता. तिला ताई म्हणायचा. ताईचं शेपूट नुसतं."

टकळीने गोधडीवर मान वाकवली. "आत्या, हिची भिरभिरी उलटी फिरतात! चुकलीयेत."

"मीपण तेच म्हणायची. डावरी होती ती. तुकडे उलटे मांडायची, टाकाही उलटा तिरपा पडायचा. मी म्हणायची, उसव. ती म्हणायची, वारा काय एकाच बाजूने येतो का?"

"मग पुढचं तू का नाही केलंस?"

"चित्र उलटं करता येतं गं. टाका नाही करता येत. तो हाताचा असतो. कितीदा जोडलं आणि कितीदा उसवलं. मी घातलेला टाका तिच्या टाक्याशेजारी लगेच ओळखू येतो. आपली पाटी घेऊन उभा असल्यासारखा." आत्याने गंजक्या सुईवरून बोट फिरवलं, पण सुई हलवली नाही. "नुसतीच बसणारेस, की हात चालवणारेस?"

त्या दिवसापासून शाळा सुटली की टकळी त्या खुर्चीत. आधी भुताची म्हणून छाती धडधडायची. मग धडधड राहिली, पण तिची सवय झाली. आत्याने तिला साध्या चिंध्यांवर तुकडे जोडायला शिकवलं. आठ टोकं मधोमध एका बिंदूवर आली पाहिजेत. शिवणीचं आतलं कापड एका तुकड्याचं उजवीकडे पाडायचं, दुसऱ्याचं डावीकडे.

"एकाच बाजूला पाडलं तर तिथे गाठ येते. विरुद्ध पाडलं की एकमेकींत बसतात. हात लावून बघ."

टकळीने बघितलं. खरंच, खटकन बसल्या. तिचे टाके मात्र काही केल्या बसेनात. चेंगराचेंगरीत सापडलेल्या मुंग्यांसारखे पळायचे.

"तोंड चालतं त्याच्या निम्म्याने तरी हात चालव," आत्या म्हणायची.

हाताचं तिचं दुखणं जुनंच. अक्षर असं, की बाई म्हणायच्या, तुझा पेपर तूच येऊन वाचून दाखव. लहानपणी ती डाव्या हाताने पेन्सिल धरायची, आणि बाबा दर वेळी, कधीही न रागावता, ती काढून उजव्या हातात द्यायचे. "इकडून, बाळा. शाळेत त्रास होतो नाहीतर." चमचा, कात्री, खडू, सगळं तसंच. आता डावा हात फक्त चेंडू फेकायला उरला होता, तोही बाबा बघत नसले तर.

एका दुपारी आत्या पाठमोरी उभी राहून पडद्याला इस्त्री करत होती. टकळी चष्मिसची नक्कल करून दाखवत होती आणि हाताकडे तिचं लक्षच नव्हतं. सुई या हातातून त्या हातात कधी गेली तिला कळलं नाही. एकाएकी दोरा अडेनासा झाला. टाके एकामागून एक, बारीक, एकसारखे पडू लागले. बोलता बोलता टकळी गप्प झाली. तिने चिंधी बाजूला सारली, गोधडी ओढली आणि गंजक्या सुईच्या पुढच्या जागी नवी सुई टोचली.

आवाज का थांबला, म्हणून आत्या वळली. समोर येऊन बसली, आपल्या बाजूची सुई हातात घेतली, आणि सवयीने म्हणाली, "कड जरा ताणून धर गं."

कड ताणली गेली.

आत्याचा हात तिथेच थांबला. तिने मान वर केली नाही. नव्या टाक्यांवर अंगठा टेकवला, तिथून जुन्या टाक्यांवर नेला, मग परत. अंगठा कुठेच अडला नाही.

मागे इस्त्री पडद्यावर तशीच राहिली होती.

"अगं, काय करपतंय?" बाबा धावत आले. उंबरा ओलांडला, इस्त्री उचलली, बटण बंद केलं, वळले. आणि खिळले. त्या खुर्चीत वाकलेली मान. डाव्या हातात सुई.

"ताई," ते म्हणाले. इतक्या बारीक आवाजात, की टकळीला तो बाबांचा वाटलाच नाही.

"बाबा, मी आहे."

त्यांचा हात पुढे आला, नेहमीसारखा, सुई काढून घ्यायला. मधेच थांबला. त्यांना तो मागेही घेता येईना.

ओल्या हातांनी आई दारात आली होती. तिने तिघांकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, "शाळेत त्रास होतो, म्हणूनच सांगत होते ते तुला."

"शाळेचं नव्हतं ते," बाबा म्हणाले, आणि टेबलापाशी खालीच बसले, जमिनीवर, करपलेल्या पडद्याशेजारी.

टकळीने हातातला टाका पुरा केला. दोरा संपला होता. तिने सुई आणि नवा दोरा टेबलाखाली बाबांच्या हातात दिला आणि झिजलेल्या खळग्यात कोपर नीट टेकवलं.

"आई, बाबा, दोघांनाही सांगून ठेवते," ती म्हणाली. आवाज स्पर्धेतल्यासारखा खणखणीत लागला नाही, पण अडखळलाही नाही. "उद्यापासून मी डाव्या हाताने लिहिणार. आणि ही गोधडी पुरी झाली तरी लिहिणारच आहे."