इंचभर जास्त

"हे माप कुठल्या गाढवानं घेतलं?" काच भिंतीला टेकवत चष्म्याने विचारले.

"मी," मी म्हणालो.

जाड भिंगांमुळे पोरवयातच त्याला चष्मा हे नाव पडले. काचकाम तो माझ्याच हाताखाली शिकला. आता त्याच्या मिशा पिकल्या, पण नाव तेच राहिले. माप चुकवणाऱ्याला गाढव म्हणायचे, हेही त्याला मीच शिकवलेले.

"मिस्त्री, काच अठ्ठावीस इंच आहे. भिंतींमधली जागा सत्तावीसच भरतेय."

मी नव्या टाइलवर हात फिरवला आणि चूक कळली.

मागल्या महिन्यात शॉवरचे काचेचे दार आपोआप फुटले. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो, आणि आत कोणी पोतेभर खडी ओतल्यासारखा आवाज झाला. त्याच दिवशी दुकानात फोन करून नवे दार सांगितले. माप तोंडपाठ होते. पहिले दार मीच बसवलेले. मग वाटले, दार नवे होतेच आहे, तर भिंतीही होऊ देत. हिला फिकट निळ्या टाइल कधीपासून हव्या होत्या. गवंड्याने जुन्यांवरच नव्या चिकटवल्या, आणि दोन्ही भिंती अर्धा अर्धा इंच आत आल्या. 'आधी टाइल, मग टेप' असे जन्मभर लोकांवर ओरडत आलो. स्वतःच्या घरात मात्र उलटे केले.

ही दीड वर्ष मुलीकडे आहे. जुळी झाली तेव्हा तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. या रविवारी येणार होती.

"जरा घासून नाही का बसणार?"

"मिस्त्री, भट्टीतनं निघालेली काच आहे. घासायचं चाक लावलं की हिचा चुरा होतो, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"नवी कधी मिळेल?"

"दहा दिवस. तोवर पडदा लावा."

मी मुलीला फोन लावला.

"बाबा, पडदा नको हं. पाणी सगळं बाहेर येतं. आई तिथंच घसरली होती ना? दार लागल्याशिवाय मी तिला पाठवणार नाही."

मग हिने फोन घेतला. "काय हो, साऱ्या गावाची दारं बसवलीत, आणि घरचं चुकलं?"

"चुकलं."

"तुम्ही? आणि चुकलं म्हणताय?" ती हसली. तिच्यामागे दोन्ही पोरे एकदम रडायला लागली. "अहो, असू दे. दात येतायत यांना. पुढच्या महिन्यात बघू."

दीड वर्षात तो पुढचा महिना बऱ्याचदा येऊन गेला होता.

"निळ्या लावल्यात," मी म्हणालो.

"काय?"

"टाइल."

"फिकट?"

"फिकट."

"मग दार नीट बसवा. आता घाई नका करू," ती म्हणाली. तेवढ्यात फोन कुठल्या तरी पोराच्या हातात गेला, आणि नुसता श्वास ऐकू यायला लागला. मी तो थोडा वेळ ऐकला.

चष्म्याने टेप पुढे केला. "घ्या. तुमच्या हातानं होऊ दे."

वर, मध्ये, खाली, असे तीन ठिकाणी मी माप घेतले. त्याने लिहून घेतले.

"हँडल? नेहमीसारखं छत्तीसवर?"

"थांब." काच भट्टीत जाण्याआधीच भोके पाडावी लागतात, नंतर हँडल तसूभर हलत नाही. हिचा उजवा खांदा हिवाळ्यापासून आखडलाय. हात वर जात नाही, असे फोनवर सांगत होती. मी काही ते पाहिलेले नव्हते.

मी रिकाम्या जागेपुढे उभा राहिलो. ती कशी उभी राहील, हात कुठवर नेईल, ते मनात आणले आणि तेवढाच हात पुढे केला.

"इथं."

"आकडा सांगा."

"आकडा माहीत नाही. तू मोज."

चष्मा गुडघ्यावर बसला. टेपचे टोक फरशीला लावून त्याने पट्टी माझ्या तळव्यापर्यंत ओढली. आकडा बघायला मी वाकलो, तसा हात जरा खाली आला.

"हलवू नका, मिस्त्री."

त्याचे लिहून होईपर्यंत मी हात तसाच धरून ठेवला.