काकांचा हात, बाईंचा हात

मित्रांनो, मी एक जुना रबरी हात आहे. नुसताच हात, पुढे ना खांदा, ना डोकं. पण या हॉस्पिटलच्या शिकवणीच्या खोलीत माझ्याशिवाय पान हलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारखान्यात माझ्या आत नळ्या बसवल्या, त्यांत लाल पाणी भरलं, वर कातडं चढवलं. तेव्हापासून टोचून घेणं हेच माझं काम.

शिकाऊ नर्सना सुई लावायला शिकवतात त्या आमच्या बाई. आवाज करडा, बोटं मात्र फार हलकी. त्यांचा एक नियम आहे. मला टोचण्याआधी मला सांगायचं, "काका, सुई लावते हं. थोडं दुखेल." मुली तोंडाला पदर लावल्यासारख्या हसतात. बाई म्हणतात, "हसून घ्या. इथे लाजलात तर वॉर्डात तोंड उघडणार नाही." मला काका म्हटलं की खरंच बरं वाटतं.

एक मुलगी होती, तिला सगळे चिमणी म्हणत. तिला माझी शीर पहिल्याच फटक्यात सापडायची. मी तर तिच्यावर खूश होतो. मग ती वॉर्डात गेली, पहिल्या खऱ्या पेशंटकडे, आणि एका आजींना तीनदा टोचूनही शीर मिळेना. परत आली ती रडवेली होऊन. ॲप्रन काढून टेबलावर ठेवला.

"बाई, उद्यापासून मी येत नाही. आजींचा हात काळानिळा झाला, आणि वर त्याच मला म्हणाल्या, असू दे बाळ."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला उजेडात धरलं, माझ्यावरून बोट फिरवलं.

"अगं, याची तर चाळण झालीय. तू शीर शोधतच नव्हतीस, आधीच्या मुलींनी पाडलेली भोकं बघून टोचत होतीस."

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि बाही वर सरकवली. "माझ्या शिरा हट्टी आहेत, दिसायच्या नाहीत. डोळे मीट, बोटांनी चाचप."

चिमणीने बाईंच्या दंडाला पट्टा बांधला. बराच वेळ चाचपत राहिली. शेवटी डोळे उघडून सवयीने म्हणाली, "सुई लावते हं. थोडं दुखेल."

"लाव, बाळ."

सुईच्या मागे लाल थेंब दिसला. चिमणीने ॲप्रन पुन्हा घातला.

संध्याकाळी ती धावत आली. खोलीत मी एकटाच होतो, तर मलाच सांगितलं, "काका, आजींनी आपणहून दुसरा हात पुढे केला. एकदाच टोचलं." मित्रांनो, मला डोळे नाहीत म्हणून बरं.

आता एकच मागणं. जुना झालो म्हणून मला फेकू नका, आणि माया म्हणून तसाच वापरूही नका. माझं कातडं वेळेवर बदला. बाईंच्या कोपरापाशी माझ्यासारखेच बारीक ठिपके आहेत. चिमणी काही पहिली नव्हती. मला नवं कातडं मिळतं, बाईंना मिळत नाही.