आईच्या मापाचं स्वयंपाकघर

वजन उतरावं म्हणून आईचं पोट लहान करायचं ऑपरेशन झालं आणि ती घरी यायच्या आतच मी तिच्या स्वयंपाकघरावर धाड घातली. साखर, मैदा, तळणीचं तेल, मुरंबे, सगळं उचलून शेजारणीला देऊन टाकलं. मग फळ्या नव्यानं भरल्या. डाळी, अंडी, घट्ट दही, प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणि मूठभर पोट उरलेल्या माणसाला पुरतील अशा बशा नि चिमुकले चमचे.

"भातुकली मांडलीस होय गं?" आई घरी आल्यावर म्हणाली.

"मांडली. आणि तू ती मुकाट्यानं खेळायचीस."

हे सगळं गुडघ्यांसाठी होतं. आई चौथ्या मजल्यावर राहते आणि इमारतीला लिफ्ट नाही. खाली रस्त्याला लागून बाबांचं शिवणकामाचं दुकान आहे. तिथं तिनं जन्मभर काजं-बटणं केली, पण गुडघे गेल्यापासून ते दुकान तिला दुरावलं होतं. वजन उतरल्याशिवाय हाडांचे डॉक्टर गुडघ्यांना हात लावायला तयार नव्हते. "एकदा माझ्या पायांनी दुकानात जाऊन बसले की मी सुटले," असं ती म्हणायची. ते ऐकलं की मी उगाच तिच्यावरच खेकसायचे.

वजनकाटा मात्र तिनं घरात येऊ दिला नाही. काटा लाज काढतो म्हणे. म्हणून बाबांनी तिला दोन ड्रेस शिवले, कंबरेत नेमके बसणारे. ड्रेस सैल झाला की ते शिवण आत घ्यायचे आणि आई आरशापुढं उभी राहून गालातल्या गालात हसायची. आमच्याकडे वजन असं मोजलं जायचं.

पहिलं वर्ष शिवणी आत जात राहिल्या. पण अंडं तिच्या घशाखाली अडकायचं, डाळ उलटून पडायची. मी दर आठवड्याला जाऊन नासलेलं दही फेकायचे नि ताजं ठेवायचे. पावडरीचा डबा तर जेमतेम उघडलेला. कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटायचं.

"खातेस ना गं?"

"खाते की. हा बघ ड्रेस, कसा ढगळा झालाय."

ड्रेस खरोखरच सैल असायचा. मी पिशवी उचलून घरी निघायचे.

जिन्यापायी मधल्या तपासण्या बुडाल्या होत्या. अखेर दोघा हमालांनी तिला खुर्चीत बसवून खाली उतरवलं आणि आम्ही दवाखान्यात गेलो. परिचारिकेनं काट्यावरचा आकडा दोनदा पाहिला. उतरलेलं वजन सगळं परत चढलं होतं, वर थोडं जास्तच. डॉक्टर बिचारे हळू आवाजात म्हणाले, पोट पुन्हा उघडणं यांच्या हृदयाला झेपणार नाही. गुडघ्यांचा विचार आता सोडून द्या.

"पण ड्रेस सैल आहे हो माझा," आई म्हणाली.

बाबा जमिनीकडे बघत होते. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग बाकावर बसल्या बसल्या ड्रेसची कड उलटी केली. जुन्या टाक्यांची भोकं तिच्या बोटांना लगेच लागली. बाबा ड्रेस इस्त्रीला म्हणून खाली न्यायचे आणि शिवण उसवून बाहेर घ्यायचे. आता ती पार कापडाच्या काठाशी आली होती. आईनं कड पुन्हा नीट केली आणि वरून हात फिरवला.

मी बाबांना बाजूला घेतलं.

"तिला दुसरं काही जातच नव्हतं," ते म्हणाले. "अंडं खाल्लं की ओकायची नि रडायची. दुधात बुडवलेलं बिस्किट तेवढं सुखानं आत जायचं. ड्रेस घट्ट झाला असता तर तेही सोडलं असतं तिनं."

"तुम्ही मारताय तिला, बाबा."

"ती उपाशी रडायची तेव्हा तू नव्हतीस."

मी फळ्या भरून घरी निघून जायचे, हे खरंच होतं. मला त्यांचा राग आला होता आणि तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

परतल्यावर हमालांनी दुकानासमोर खुर्ची टेकवली. त्यातला एक भला माणूस म्हणाला, "बाई, आत नेऊन बसवू का घटकाभर?"

"नको," आई म्हणाली. "अशी नाही जायची मी." आणि तिनं मान जिन्याकडे वळवली.

वर आल्यावर ती पलंगावर टेकली. मग बाबांना म्हणाली, "अहो, आता आधीच ढगळे शिवत जा. सारखं उसवत बसता, डोळे जातील तुमचे."

बाबांनी गळ्यातली टेप काढली आणि तिच्या कमरेभोवती धरली. मी स्वयंपाकघरात गेले, दूध तापत ठेवलं आणि तिथूनच त्यांना विचारलं, बिस्किटं कुठं ठेवता.