शिडीपुरती जागा

मित्रांनो, दोन घरांच्या भिंतींमध्ये उरलेला मी एक जुना बोळ आहे. माझ्यात दार नाही, ओटा नाही, साधं झाडही नाही. आत शिरणाऱ्याला खांदे तिरके करावे लागतात. एवढ्याशा माझ्यापायी माणसांनी रक्त सांडलं, याची मला लाज वाटते.

मला एका गवंड्याने जन्म दिला. दोन मुलांसाठी त्याने शेजारी शेजारी घरं बांधली आणि मधे मला सोडलं. बाहेरून गिलावा करायचा तर शिडी उभी राहायला नको का? मुलांना जवळ बसवून तो म्हणाला, "हा ना तुझा, ना त्याचा. ही शिडीची जागा." पुढे कित्येक वर्षं एक भाऊ शिडी चढे, दुसरा ती खालून धरे आणि म्हातारा दोघांच्याही कामाला नावं ठेवी. माझे ते सुखाचे दिवस होते.

म्हातारा गेला आणि थोरल्याने माझ्यात जळण रचलं. धाकट्याने ते रस्त्यावर फेकलं. शब्दाने शब्द वाढला. थोरल्याने फावड्याचा दांडा हाणला, तेव्हा धाकट्याचे दोन दात माझ्या मातीत पडले. दुसऱ्याच दिवशी धाकट्याने विटेने थोरल्याचं डोकं फोडलं. जावाजावांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. शेवटी थोरल्याला पाऊल टाकता येऊ नये म्हणून धाकट्याने माझ्यात बाटल्या फोडून काचा पेरल्या. दुखलं ते मला.

मग धाकट्याच्या भिंतीतून पाणी झिरपू लागलं. थोड्या काचा सारून त्याने शिडी लावली आणि तो एकटाच वर चढला. थोरला तणतणत आला.

"उतर, नाहीतर शिडी ओढतो."

धाकट्याने वरूनच शिवी हासडली. थोरल्याने खरोखरच शिडी ओढली. धाकटा पाठीवर कोसळला, स्वतःच पेरलेल्या काचांवर. त्याचं ओरडणं दोन्ही भिंतींवर आपटत राहिलं. भांडणाऱ्या जावांनीच त्याला उचलून बाहेर नेलं. तो जगला, पण त्याचे पाय कायमचे गेले.

पुढे थोरला त्याच्या खाटेपाशी जाऊन बसला. खिडकी माझ्याकडेच उघडते, म्हणून मला ऐकू आलं.

"बोळ तुझा. सगळा घे."

"दादा, आता शिडी कोण चढणार?"

थोरला माझ्यात आला आणि नुसत्या हातांनी काचा वेचत बसला. त्याच्या बोटांचं रक्तही माझ्यातच मुरलं. आता दोन्ही भिंतींचा गिलावा तोच करतो, पण खालून शिडी धरायला कोणी नसतं.

मित्रांनो, तुमच्या घराशेजारी माझ्यासारखा बोळ असेल, तर तो कोणाचा हे विचारत बसू नका. कोणी वर चढलं असेल, तर आधी शिडी धरा.