साडूचे पन्नास टक्के

सैनिकाला मानसन्मानाचा मोह नसतो, त्याला हवा असतो फक्त न्याय. आमच्या सार्जंटना तर न्यायही नको होता, साडूपेक्षा जास्त टक्के हवे होते.

दोघे एकाच पलटणीतून निवृत्त झाले. पाय आणि पाठ दोघांचीही नोकरीतच कामातून गेली होती. पण मेडिकल बोर्डाने साडूला पन्नास टक्के अपंगत्व दिलं आणि सार्जंटना वीस. तेव्हापासून साडू नुसता "आई गं" म्हणाला, तरी सार्जंटच्या पोटात दुखायचं. ते दुखणं मात्र बोर्ड धरत नव्हतं.

सार्जंटनी अपील केलं. सुनावणीला साक्षीदार म्हणून साडूच आला.

"साडूभाऊ, डॉक्टरांसमोर जरा कण्ह," बाकावर बसल्या बसल्या तो म्हणाला.

"तू नको शिकवूस. पन्नास मिळाले म्हणून प्रोफेसर झालास काय?"

तेवढ्यात दार उघडून कर्नल डॉक्टर आले. सार्जंट ताडकन उठले, टाचा जुळवल्या आणि छाती काढून सावधान उभे राहिले. साडू बसूनच राहिला.

"पाठ छान सरळ आहे," डॉक्टर म्हणाले. तपासणी झाली आणि वीस टक्के कायम राहिले.

"बसून राहिलास, लबाडा!" बाहेर येताच सार्जंट फणफणले. "मला खूण तरी करायचीस!"

"पायाने करणार होतो रे, पण तो हलेचना."

दोघे साडूच्या घरी पोहोचले, तर लिफ्ट बंद होती. सार्जंटनी साडूला पाठीवर घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन सोडलं.