कॉलर पाव इंच सैल

'तुम्हाला माहीत होतं. तीन वर्षं माहीत होतं आणि तुम्ही तोंडातून ब्र काढला नाहीत.'

तपासणी केंद्राला ताईने लिहिलेल्या पत्राची ही सुरुवात. मायना नाही, नमस्कार नाही. शिवणयंत्रावरच कागद ठेवून ती लिहीत होती.

आई थायरॉइडच्या कर्करोगाने गेली, तेव्हा धाकटीने धास्तीपोटी रक्त तपासून घेतलं होतं. रेट नावाच्या जनुकात बदल निघाला. पेशीला 'वाढ' असा निरोप देणारं हे जनुक. ते बिघडलं की निरोप थांबतच नाही, पेशी वाढत सुटतात. पण हा बदल घातक की निरुपद्रवी, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. अहवालात छापलं होतं, 'अर्थ अनिश्चित'.

"म्हणजे पास की नापास गं?" धाकटीने विचारलं.

"निकाल राखून ठेवलाय तुझा," ताई म्हणाली. दोघी पोट धरून हसल्या.

अहवालाचा कागद चांगला जाड होता. ताईने त्यावर धाकटीच्याच शर्टाच्या कॉलरचा नमुना आखला, कापला आणि खिळ्याला अडकवला.

पुढे वर्षभराने धाकटीची कुरकुर सुरू झाली. "ताई, गळा काचतोय."

"खा अजून!" असा टोमणा मारून ताई कॉलर पाव इंच सैल करायची. असं तीनदा झालं. छाती, कंबर तेवढीच. वाढत होता फक्त गळा. टेप ताईच्याच हातात होती.

गाठ कळली तेव्हा रोग यकृतात पोचला होता.

धाकटी गेल्यावर तिच्या मुलीचं रक्त द्यायला ताई केंद्रात गेली. खिडकीतली बाई संगणकात धाकटीचा अहवाल बघून म्हणाली, "हा बदल घातक ठरलाय की, काकू." तसं ठरल्याची तारीख पहिली कॉलर सैल केली त्याच्या चार महिने आधीची. तेव्हाच थायरॉइडची ग्रंथी काढली असती तर?

"मग कळवलं का नाही?"

"पेशंटनेच विचारायचं असतं. अहवालाच्या मागे लिहिलेलं असतं ना!"

घरी येऊन ताईने खिळ्यावरचा नमुना काढून उलटा केला. कडेला बारीक अक्षरांत अर्धी ओळ उरली होती, 'दरवर्षी पुन्हा चौकशी'. बाकीची तिच्याच कात्रीने गेली होती.

तिने डोळे पुसले आणि पत्र पुरं केलं.

'कागद मी कापला. गळा मी मोजला आणि गप्प बसले. ते मरेपर्यंत माझ्या उरावर राहील. पण धाकटीच्या मोबाईलवर तुमच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दरवर्षी न चुकता येत होत्या. ती गेल्यावरही आल्या. नंबर होता, मग 'बदल घातक ठरलाय' ही एक ओळ का नाही पाठवली? आणि असे निकाल बदललेले आणखी किती जण तुमच्या संगणकात आहेत, ज्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही? लेखी उत्तर द्या. खाली सही करणाऱ्याचं नाव हवं.'