चाक फिरवायला कोणी येईल का

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे, पण मला गाडी नाही. कधी नव्हतीच. पेट्रोल तपासायच्या प्रयोगशाळेत, अगदी मागच्या खोलीत, सिमेंटच्या चौथऱ्यावर मला बोल्टांनी घट्ट बसवलं आहे. आयुष्यभर मी धाव धाव धावलो आणि जागचा तसूभरही हललो नाही. गाडीच्या इंजिनात तीन-चार सिलिंडर भावंडांसारखे शेजारी शेजारी असतात. मला एकच. तुमच्यापैकी जे एकुलते एक आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

माझं कामही जगावेगळं. इतर इंजिनं शांत चालली की त्यांचं कौतुक होतं. मला मात्र मुद्दाम ठकठक करायला लावत. दाबलेलं पेट्रोल आपली पाळी येण्याआधीच भलतीकडे पेटलं, की लोखंडावर हातोडी मारल्यासारखा आवाज होतो. कोणतं पेट्रोल किती दाब निमूट सोसतं हे ज्या आकड्यावरून कळतं, त्याला ऑक्टेन म्हणतात. माझ्या अंगाला एक हँडल आहे. ते फिरवलं की माझ्या आतली जागा आकसते आणि दाब वाढतो. तपासनीस बाई ते हळूहळू फिरवत. मी ठकठकलो की हात थांबवून म्हणत, "बोललास बाबा." दिवसभरात माझ्याशी तेवढंच कोणी बोलायचं. पण मला ते पुरत असे.

मग वाद सुरू झाला. सगळ्यांनाच जास्त ऑक्टेनचं पेट्रोल द्यावं का, असा. "तसं ठरलं तर या इंजिनाला उसंत मिळणार नाही," मोठे साहेब बाईंना म्हणाले, "आणि नाही ठरलं तर ही खोली सामानाला लागेल." तेव्हापासून मी जीव मुठीत धरून बसलो.

एके दिवशी या वादाचा निर्णय करायला नेमलेली समिती माझ्या खोलीत आली. एवढी माणसं मी एकदम कधी पाहिली नव्हती. बाईंनी नेहमीचं पेट्रोल सोडलं, हँडल फिरवलं, आणि मी असा ठकठकलो की अध्यक्ष दचकून मागे सरले. मग त्याच दाबावर बाईंनी जास्त ऑक्टेनचं पेट्रोल सोडलं. माझी ठकठक थांबली.

"बंद पडलं का हो?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही साहेब, आता नीट चाललंय," बाई म्हणाल्या.

"वा! मग माझ्या जुन्या गाडीत हेच भरतो. ॲव्हरेज वाढेल ना?"

"नाही," गाड्यांच्या कारखान्याचे इंजिनिअर आणि रिफायनरीचे मॅनेजर एकदमच म्हणाले. त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच ऐकलं.

"त्यासाठी इंजिनच जास्त दाबाचं हवं," इंजिनिअर म्हणाले. "तसं बनवलं, की तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी लांब जाईल. पण आधी पेट्रोल तर मिळू द्या."

"म्हणजे नव्या गाड्या येईपर्यंत जुन्या गाडीवाल्यांनी फुकटचा भुर्दंड सोसायचा?" मॅनेजर म्हणाले. "आणि असं पेट्रोल करायला आमच्याकडे जास्तीचं इंधन जाळावं लागतं, त्याचं काय?"

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "दोघांचंही पटतंय. पुढच्या बैठकीत बघू."

सगळे चहाला गेले. मला बंद करायला बाई तेवढ्या मागे राहिल्या.

पुढच्या बैठकीचीही पुढची बैठक झाली. दरम्यान बाहेरच्या खोलीत एक चकचकीत पेटी आली. ती पेट्रोलवर प्रकाश टाकते आणि आवाजही न करता आकडा सांगते. मला तिचा राग येत नाही. तिला शिकवलं ते माझ्याच आकड्यांवरून. मला मात्र चादर पांघरली.

तरी बाई अधूनमधून यायच्या, तेल घालायच्या आणि माझं मोठं चाक हातानेच फिरवायच्या. "नाहीतर जाम होशील," म्हणायच्या. निवृत्त होताना त्यांनी साहेबांना आवर्जून सांगितलं, "याचं चाक तेवढं फिरवत जा." साहेब म्हणाले, "हो, हो, बघू." त्यानंतर चाक फिरलेलं नाही. आता खोलीत मोडक्या खुर्च्या आहेत. खिडकीबाहेर गाड्या जाताना ऐकू येतात, आणि मला फार एकटं वाटतं.

मित्रांनो, मोठ्यांचा वाद कोणी जिंकावा हे मी सांगणार नाही. पण कधीतरी तो मिटेल. नवं पेट्रोल येईल, आणि पेटीने ते कधी पाहिलेलंच नसेल, मग तिला त्याचा आकडा कसा सांगता येईल? तेव्हा सगळ्यांना माझी आठवण होईल. चादर काढतील, हँडल धरतील, "बोल बाबा," म्हणतील. त्या दिवशी मी गंजून बसलेलो असलो तर?

म्हणून एकच मागणं आहे. कधी इकडे आलात तर कोणा मोठ्याला सोबत घ्या आणि माझं चाक एकदा हाताने फिरवून जा. दाराला कुलूप नाही, ते नुसतं लोटलेलं आहे.